शोधला वार, सापडली गवार

आमच्या सोसायटीच्या वार्षिक अहवालात जिथे जिथे 'रु.' आहे तिथे '₹' करायचं, एवढंच काम होतं. चाळीसेक पानांचा मजकूर आणि दोन मिनिटांचं काम. एडिटरच्या शोधाच्या चौकटीत `रु.` टाकलं, बदलाच्या चौकटीत `₹` टाकलं आणि 'सगळे बदला' दाबलं. किती ठिकाणी बदल झाला त्याचा आकडा जरा मोठाच आला, पण अहवाल हिशेबाचा, असतील तेवढे रुपये, असं म्हणून फाइल पाठवून दिली. तासाभरात चिटणिसांनी स्क्रीनशॉट पाठवला, लाल गोल मारलेला. गोलात होतं 'पु₹ोत्तमराव'. खाली 'सभेची सु₹ात गु₹ारी सायंकाळी ६ वाजता'. अरुणाताईंच्या 'अ₹ाताई' झाल्या होत्या. आणि सगळ्यात झोंबलं ते हे: 'लिफ्ट दु₹्ती खर्च'. दुरुस्तीच मोडली होती.

चूक एका टिंबाची होती. आदल्या दिवशी दुसऱ्या कामासाठी मी शोधाच्या चौकटीतलं `.*` असं चिन्ह असलेलं बटण दाबलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. ते बटण दाबलेलं असलं की एडिटर साधा शोध घेत नाही, रेगेक्स म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनचा शोध घेतो. आणि रेगेक्समध्ये टिंब हे टिंब नसतं. त्याचा अर्थ 'इथे कुठलंही एक चिन्ह चालेल' असा होतो. मी लिहिलं होतं 'रु आणि पुढे टिंब', एडिटरने वाचलं 'रु आणि पुढे काहीही एक'. 'पुरुषोत्तम'मध्ये रु आहे, पुढे ष आहे, झालं काम. 'गुरुवारी'त रु आहे, पुढे व आहे. र, उकार आणि व, ही तिन्ही उचलली, जागी ₹ ठेवला, आणि व चा काना बिचारा एकटा मागे राहिला.

हा काना मागे का राहिला, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 'वा' हे आपल्याला एक अक्षर दिसतं. शाळेत बाराखडीत तसंच शिकवलं. संगणकाच्या लेखी ती दोन चिन्हं आहेत: एक व, एक ा. 'गुरुवारी' आपल्याला चार अक्षरं दिसतात, फाइलमध्ये ती आठ चिन्हं असतात: ग, ु, र, ु, व, ा, र, ी. रेगेक्स चालतं ते या चिन्हांवर. डोळ्याला काय दिसतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

ड्यूटीवरची चिन्हं

रेगेक्समध्ये बहुतेक चिन्हं साधी नागरिक असतात. क म्हणजे क, ५ म्हणजे ५. पण डझनभर चिन्हं गणवेशातल्या पोलिसासारखी ड्यूटीवर असतात: टिंब, तारा `*`, अधिक `+`, प्रश्नचिन्ह `?`, टोपी `^`, डॉलर `$`, उभा दांडा `|`, गोल कंस, चौकोनी कंस, महिरपी कंस आणि बॅकस्लॅश `\`. ही मजकुरात दिसली की एडिटर त्यांना चिन्ह म्हणून शोधत नाही, त्यांचा हुकूम पाळतो. `*` म्हणजे 'आधीचं शून्य किंवा कितीही वेळा', `+` म्हणजे 'निदान एकदा', `?` म्हणजे 'असलं तर असू दे', `^` म्हणजे ओळीची सुरुवात, `$` म्हणजे शेवट.

या पोलिसाला साध्या वेशात आणायचं, म्हणजे टिंबाला टिंबच राहू द्यायचं, तर त्याच्या आधी बॅकस्लॅश लावायचा. याला एस्केप करणं म्हणतात. माझं काम असं व्हायला हवं होतं:

`रु\.`

आता 'रु आणि पुढे खरोखरचं टिंब' एवढंच सापडेल. पुरुषोत्तमराव सुटले. कुणी म्हणेल, "तो माझा गुरू." अशा वाक्याचं काय, तिथेही रु आणि टिंब आहेच की. इथे मराठी शुद्धलेखन धावून येतं: शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ, म्हणून 'गुरू' मध्ये ू आहे, ु नाही. संगणकासाठी ती दोन वेगळी चिन्हं. ज्यानं नियम पाळला त्याचा गुरू वाचला. (ज्यानं 'गुरु.' लिहिलं, त्याचा गेला.)

बॅकस्लॅश खुद्द शोधायचा असेल तर? तोही ड्यूटीवरच, म्हणून `\\`. विंडोजमधल्या फोल्डरांचे पत्ते शोधताना अशा जोड्यांची रांग लागते आणि पाहणाऱ्याला वाटतं कीबोर्डची कळ अडकली.

गंमत अशी की बॅकस्लॅश उलटंही काम करतो. ड्यूटीवरच्या चिन्हाआधी आला तर त्याला साधं करतो, आणि काही साध्या रोमन अक्षरांआधी आला तर त्यांना गणवेश चढवतो. बॅकस्लॅश आणि डी म्हणजे कुठलाही अंक, बॅकस्लॅश आणि एस म्हणजे कुठलीही मोकळी जागा, बॅकस्लॅश आणि एन म्हणजे नवी ओळ. म्हणजे बॅकस्लॅशचा अर्थ 'पुढच्याचा नेहमीचा अर्थ घेऊ नका' एवढाच. नेहमीचा अर्थ कोणता, ते चिन्हावर ठरतं.

आणि दुर्दैवाने एडिटरवरही ठरतं. व्हीएस कोड, नोटपॅड++ यांत गोल कंस, अधिक, उभा दांडा हे जन्मतःच ड्यूटीवर. व्हिममध्ये उलट: तिथे `(`, `+`, `|` ही साधी चिन्हं, आणि त्यांना कामाला लावायचं तर `\(`, `\+`, `\|` असं लिहावं लागतं. टिंब, तारा आणि चौकोनी कंस मात्र व्हिममध्येही आधीपासून ड्यूटीवर. हा विक्षिप्तपणा वाटतो, पण तो वारसा आहे. रेगेक्सची मूळ कल्पना स्टीफन क्लीनी या गणितज्ञाची, 1951ची, ती कागदावरची. केन थॉम्पसननं ती क्यूईडी नावाच्या टेक्स्ट एडिटरमध्ये घातली आणि 1968मध्ये त्या शोधाची पद्धत छापून प्रसिद्ध केली. युनिक्स या संगणकप्रणालीतल्या ईडी या एडिटरमध्ये ती आली तेव्हा मोजकीच चिन्हं ड्यूटीवर होती. बाकीच्या सोयी नंतर सुचत गेल्या. पण तोवर लोकांच्या जुन्या नमुन्यांत अधिक आणि कंस साधे म्हणून वापरले जात होते, त्यांना एकदम गणवेश चढवला तर सगळ्यांचं बिघडलं असतं. म्हणून नव्या सोयी बॅकस्लॅशच्या आडून आणल्या. व्हिम त्या घराण्यातला. पुढे 1987मध्ये लॅरी वॉलची पर्ल ही भाषा आली, तिने सरळ सगळ्यांना गणवेश दिला, आणि आजचे बहुतेक एडिटर पर्लच्या वळणाने जातात.

फाइलींत मजकूर शोधणारी ग्रेप ही प्रसिद्ध आज्ञाही ईडीच्याच पोटातली. 'सगळीकडे, हा रेगेक्स, छाप' अशी ईडीची जी आज्ञा होती, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ते नाव झालं. आज लोक 'ग्रेप मार' म्हणतात तेव्हा नकळत पन्नास वर्षांपूर्वीची एडिटरची आज्ञाच उच्चारत असतात.

चौकोनी कंस: कितीही लिहा, उचलणार एकच

टिंब म्हणजे 'काहीही एक'. पण बहुतेक वेळा आपल्याला 'काहीही' नको असतं, 'यांपैकी एक' हवं असतं. त्यासाठी चौकोनी कंस. कंसात चिन्हांचा संच लिहायचा, रेगेक्स त्यातलं कुठलंही एक चिन्ह चालवून घेतं.

`[०-९]` म्हणजे देवनागरी अंकांपैकी एक. `[0-9०-९]` म्हणजे इंग्रजी किंवा देवनागरी, कुठल्याही अंकांपैकी एक. आपल्याकडे एकाच अहवालात दोन्ही नांदत असतात, तेव्हा हा संच पाठच करून ठेवावा. 'एक किंवा जास्त अंक' हवे तर कंसाबाहेर अधिक: `[0-9०-९]+`. रकमेत स्वल्पविराम येतो, १,२५,००० असा, तर तोही आत घ्यायचा: `[0-9०-९,]+`.

कंसात सुरुवातीलाच टोपी घातली तर अर्थ उलटा होतो. `[^०-९]` म्हणजे देवनागरी अंक सोडून काहीही एक. टोपी पहिल्या जागी असेल तरच हा अर्थ; `[०-९^]` मध्ये ती नुसती टोपी. आणि कंसाबाहेर तीच टोपी ओळीची सुरुवात. एका चिन्हाचे तीन संसार! या 'सोडून'बद्दल एक सावधगिरी: ओळ संपल्याची खूण हेही एक चिन्हच आहे. नोटपॅड++ मध्ये `[^०-९]+` ओळीच्या शेवटावर थांबत नाही, अंक मिळेपर्यंत खालच्या ओळी गिळत जातं. व्हिममध्ये ते ओळीतच राहतं.

आता शीर्षकातली गवार. सोमवार आणि मंगळवार दोन्ही शोधायचे होते, तर एका मित्राने असं लिहिलं:

`[सोम|मंगळ]वार`

वाचायला अगदी सरळ: सोम किंवा मंगळ, आणि पुढे वार. पण चौकोनी कंसात शब्द नसतात, फक्त चिन्हं असतात. एडिटरने त्याचा संच केला तो असा: स, ो, म, |, ं, ग, ळ. आणि अर्थ घेतला, 'यांपैकी कुठलंही एक, आणि पुढे वार'. सोमवारात 'मवार' सापडला, मंगळवारात 'ळवार' सापडला. दोन्ही ओळी सापडल्या म्हणून तो खूश. मग भाजीच्या यादीतली गवार सापडली, ग हे संचात होतंच! घोड्यावर सवार होणाराही सापडला असता.

शब्दांमधली निवड हवी तर गोल कंस: `(सोम|मंगळ)वार`. उभा दांडा 'किंवा' हे काम फक्त चौकोनी कंसाबाहेर करतो, आत तो निव्वळ दांडा. माझ्या अनुभवात नव्या माणसाच्या दहातल्या सात चुका इथे होतात, आणि त्या लवकर कळत नाहीत, कारण हवं ते सापडतच असतं. फक्त त्याच्याबरोबर नको तेही सापडतं.

चौकोनी कंसात गेल्यावर बहुतेक पोलीस असे साधे होतात. टिंब, तारा, अधिक, प्रश्नचिन्ह, डॉलर, गोल कंस, सगळे. यातूनच एक सोपी युक्ती निघते. बॅकस्लॅश कुठे लावायचा आणि कुठे नाही याचा गोंधळ असेल तर चिन्हाला एकट्यालाच चौकोनी कंसात बसवा:

`रु[.]`

याचा अर्थ `रु\.` हाच. एका चिन्हाचा संच, आणि ते चिन्ह टिंब. हे व्हिममध्ये चालतं, व्हीएस कोडमध्ये चालतं, नोटपॅड++ मध्ये चालतं, ग्रेपमध्येही चालतं. मी हल्ली टिंबासाठी हेच वापरतो. वाचायलाही बरं, बॅकस्लॅश आणि टिंब बारीक फॉन्टमध्ये दिसतच नाहीत.

कंसाच्या आतही ज्यांची ड्यूटी चालू राहते अशी चारच चिन्हं: बंद कंस `]`, टोपी (पहिल्या जागी), आडवी रेघ `-`, आणि बॅकस्लॅश. बॅकस्लॅशचं एक कलम वेगळं आहे: ग्रेप, सेड या जुन्या अवजारांत तो चौकोनी कंसात साधं चिन्ह असतो, एस्केप करत नाही. तिथे बंद कंस संचात हवा असेल तर तो अगदी पहिला लिहायचा, `[])]` असा. व्हीएस कोडमध्ये हेच लिहिलं तर `[]` म्हणजे रिकामा संच समजला जातो आणि उरलेला गोल कंस जोडीविना पडून नमुनाच चुकीचा ठरतो, म्हणून काहीच सापडत नाही. तिथे `[\])]` लिहावं लागतं.

आडव्या रेघेनं मला प्रत्यक्ष बुडवलं आहे. सभासदांच्या यादीतून फोन नंबर काढायचे होते. कुणी +91 लावलेलं, कुणी मध्ये रेघ, कुणी टिंब, कुणी मोकळी जागा सोडलेली. म्हणून लिहिलं:

`[0-9+-. ]+`

मनात होतं: अंक, अधिक, रेघ, टिंब, जागा. पण दोन चिन्हांच्या मधली रेघ म्हणजे 'पासून-पर्यंत'. जशी ती 0 आणि 9च्या मध्ये आहे तशीच ती इथे अधिक आणि टिंब यांच्या मध्ये आली. संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो; अधिकचा 43, टिंबाचा 46. मध्ये 44 आणि 45. 45 म्हणजे रेघ, ती हवीच होती. 44 म्हणजे स्वल्पविराम! नवरा-बायकोचे दोन नंबर स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या घरांचा एकच लांबलचक नंबर झाला. वाईट म्हणजे तपासताना रेघवाले नंबर व्यवस्थित सापडत होते, त्यामुळे संशय आला नाही. रेघ संचात हवी असेल तर शेवटी ठेवावी, `[0-9+. -]`. शेवटी तिच्यापुढे कुणी नसतं, तेव्हा ती निमूट रेघ होते.

क पासून ज्ञ पर्यंत

'पासून-पर्यंत' म्हणजे कुठल्या क्रमानं? प्रश्न साधा वाटतो, पण मराठी माणसासाठी सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे.

क्रम ठरतो तो प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकावरून. इंग्रजीतही यात फसतात. कॅपिटल ए ते झेड यांचे क्रमांक 65 ते 90, स्मॉल ए ते झेड 97 ते 122. आळसाने कुणी 'कॅपिटल ए पासून स्मॉल झेड पर्यंत' असा एकच पल्ला लिहिला तर मधली 91 ते 96 ही सहा चिन्हंही आत येतात: दोन्ही चौकोनी कंस, बॅकस्लॅश, टोपी, खालची रेघ आणि उलटं अवतरणचिन्ह.

आपल्याकडे आपण लहानपणापासून म्हणतो क ते ज्ञ. म्हणून सगळी व्यंजनं हवी असली की हात आपोआप लिहितो:

`[क-ज्ञ]`

पण ज्ञ हे संगणकासाठी एक चिन्ह नाही. ज, ्, ञ अशी तीन चिन्हं आहेत. तेव्हा एडिटर वाचतो: क पासून ज पर्यंत, शिवाय एक हलन्त, शिवाय एक ञ. म्हणजे क ख ग घ ङ च छ ज, एवढ्यावर वर्णमाला संपली. 'मराठी' या शब्दातलं एकही चिन्ह या संचात बसत नाही. `[क्ष]` चंही तेच: क, हलन्त किंवा ष यांपैकी एक.

बरं, जोडाक्षरं सोडू. शेवटचं सुटं व्यंजन ळ ना, मग `[क-ळ]`? तेही नाही. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात तो ल च्या शेजारी बसलेला आहे आणि व, श, ष, स, ह त्याच्यानंतर आहेत. `[क-ळ]` ने शोधाल तर 'विश्वास' मधलं एकही व्यंजन सापडणार नाही. कारण पुन्हा वारसा. युनिकोडची देवनागरी बेतली आहे ती इस्की या 1988च्या भारतीय आराखड्यावर, आणि त्यात भारतातल्या अनेक लिप्या एकाच साच्यात बसवायच्या होत्या: तमिळचा ळ, तेलुगूचा ळ, गुजरातीचा ळ, सगळे समांतर जागी यावेत म्हणून. साचा नीटनेटका झाला, आपली उजळणी मोडली.

खरा पल्ला `[क-ह]`. यात ळ आहे, ऱ आहे, आणि मराठीत न लागणारी नुक्तावाली, म्हणजे खाली टिंब असलेली, एक-दोनही आहेत, त्यांचा त्रास नाही. स्वर धरून हवं तर `[अ-ह]`. पण लक्षात घ्या, यात काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त काहीही नाही. ती तक्त्यात वेगळ्या जागी आहेत. `[अ-ह]+` ने 'मराठी' शोधलं तर आधी 'मर' सापडेल, मग 'ठ'.

आणि ॲ? 'ॲप' मधला? तो `[अ-ह]` मध्येही नाही. अ चा क्रमांक 2309, ह चा 2361, आणि ॲ चा 2418, पार अंकांच्याही पलीकडे. हे चिन्ह युनिकोडमध्ये उशिरा, 2008मध्ये आलं, तोवर मधल्या जागा भरल्या होत्या. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र चढवून तो काढायचे, आणि अजूनही अनेक कीबोर्ड तसाच काढतात. म्हणजे फाइलमध्ये दोन प्रकारचे 'ॲप' असतात: एकात ॲ हे एक चिन्ह, दुसऱ्यात अ आणि ॅ ही दोन. डोळ्याला सारखे. शोधायचे तर `(ॲ|अॅ)प`, गोल कंसात. चौकोनी कंसात घातलं तर, गवार आठवा, अ सुटा होईल आणि अर्धचंद्र सुटा.

असाच प्रकार 'दऱ्या'चा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. मराठीत हा भेद पाळावाच लागतो. तो चंद्रकोरीसारखा र टाइप करायचे दोन मार्ग आहेत. एक, ऱ या वेगळ्या चिन्हाला हलन्त लावायचा. दुसरा, साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, क्रमांक 8205. पडद्यावर फरक शून्य. पण एका प्रकारचा शोध दुसऱ्याला सापडत नाही, आणि तुम्ही समोर दिसणाऱ्या शब्दाकडे बोट दाखवून म्हणता, "हा काय इथे आहे की!" दोन्ही पकडायचे तर आधी `[रऱ]`, मग हलन्त, मग ते अदृश्य चिन्ह आणि त्यामागे `?`, म्हणजे असलं तर असू दे, आणि शेवटी य. यात दर्याही सापडेल. तो हातानेच वेगळा करावा लागतो.

मग देवनागरी शब्द सगळाच हवा तर काय लिहायचं? तक्ता 2304 ते 2431 असा 128 घरांचा आहे. सोळाच्या पायाच्या गणतीत त्याचं पहिलं घर 0900. हे टोकाचं चिन्ह टाइप करणं त्रासाचं, शिवाय ते कंसालाच जाऊन चिकटतं, म्हणून बरेच एडिटर क्रमांकानं लिहू देतात: बॅकस्लॅश, यू, आणि चार जागांचा क्रमांक. हाही एस्केपचाच एक प्रकार. पण पूर्ण तक्ता घेतला की त्यात अंक आले, दंड आला, दुहेरी दंड आला. श्लोकांच्या फाइलीत हे नडतं. आणि न दिसणारं जोडचिन्ह तक्त्याबाहेरचं, ते वेगळं घालावं लागतं.

तयार सोयींवर, म्हणजे बॅकस्लॅश-डब्ल्यू या 'शब्दातलं चिन्ह' अशा संचावर, मराठीत भरवसा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. व्हीएस कोडमध्ये उघड्या फाइलीत शोधताना त्यात फक्त रोमन अक्षरं, इंग्रजी अंक आणि खालची रेघ असते. देवनागरीतलं काहीच नाही. बॅकस्लॅश-डी मध्येही तिथे ०-९ नाहीत. शब्दाची कड दाखवणारा बॅकस्लॅश-बी याच हिशेबावर चालतो, त्यामुळे मराठी शब्दाला त्याच्या लेखी कडच नसते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये अर्धवट प्रकार: व्यंजनं आणि स्वर शब्दात धरले जातात, काना-मात्रा धरल्या जात नाहीत. तिथेही 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे तुकडे पडतात.

बदलाच्या चौकटीतही पोलीस आहेत

लोक शोधाच्या बाजूला सगळं एस्केप करतात आणि बदलाच्या बाजूला बेसावध राहतात. व्हिममध्ये मी एकदा 'आणि'च्या जागी '&' घालायला गेलो. बदल झाले असा संदेश आला, आकडाही आला, आणि फाइल होती तशीच. बदलाच्या बाजूला `&` चा अर्थ 'जे सापडलं ते सगळं'. मी 'आणि'च्या जागी मन लावून 'आणि' घालत होतो. तिथे `\&` हवं. व्हीएस कोडमध्ये ही जबाबदारी डॉलरकडे: `$1` म्हणजे शोधातल्या पहिल्या गोल कंसात जे सापडलं ते. व्हिममध्ये त्यालाच `\1`.

वर्डमध्ये 'वाइल्डकार्ड' नावाचा जो प्रकार आहे तो रेगेक्सचा चुलतभाऊ. चौकोनी कंस तसेच, पण 'सोडून' साठी टोपीऐवजी उद्गारचिन्ह, आणि 'कुठलंही एक' साठी टिंबाऐवजी प्रश्नचिन्ह. एकातला नमुना दुसऱ्यात चिकटवू नये.

आता अहवालाकडे. जुनी प्रत काढली आणि पाहिलं की खजिनदार 'रु.' लिहितात, आधीचे खजिनदार 'रू.' लिहायचे, कुठे टिंबानंतर जागा आहे, कुठे नाही, आणि रकमेमागे सगळीकडे आपलं ते '/-' आहे. ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही पकडायला उकारांचाच संच केला: `[ुू]`. पडद्यावर तो विचित्र दिसतो, कंसाला लोंबकळणारे दोन उकार, पण चालतो. मात्र दीर्घ उकार आत घेतला तसा तो 'माझा गुरू.' पुन्हा धोक्यात आला. म्हणून पुढे अंक हवाच अशी अट घातली:

`र[ुू][.] ?([0-9०-९][0-9०-९,]*)/-`

र, मग दोनपैकी एक उकार, मग खरं टिंब, असली तर एक जागा, मग एक अंक, त्यापुढे कितीही अंक-स्वल्पविराम, शेवटी '/-'. गोल कंसात रक्कम अडकवली, आणि बदलाच्या चौकटीत `₹$1/-`. रेघ इथे चौकोनी कंसाबाहेर आहे, तेव्हा ती गरीब आहे. व्हिममध्ये हेच करायचं तर गोल कंसांना बॅकस्लॅश, प्रश्नचिन्हाला बॅकस्लॅश, आणि तिरप्या रेघेलाही, कारण तिथे ती शोध आणि बदल यांच्यामधली भिंत असते.

या वेळी 'सगळे बदला' न दाबता एकेक पाहत गेलो. एकसष्ट सापडले. कागदावर मोजले तर बासष्ट. राहिलेला एक जिन्याच्या दिव्यांच्या खर्चात होता: तिथे कुणीतरी 'रु' नंतर जागा सोडून मग टिंब दिलं होतं. तो मी हातानेच बदलला.